चढाला लागली की बंद, वीस मिनिटं थांबलं की चालू: डर्ट बाइकचा हा रोग नेमका कुठं असतो

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण हा प्रॉब्लेम ज्याला आहे त्याला शेवटपर्यंत वाचावंसं वाटेल, कारण मी यात सहा महिने आणि साडेचार हजार रुपये घालवलेत.

"गाडी तापली की बंद पडते, गार झाली की चालू होते" हे वाक्य मी या सहा महिन्यात पाच मेकॅनिकना सांगितलं. पाचही जणांनी मान डोलावली आणि पाचही जणांनी वेगवेगळा पार्ट बदलला. प्लग बदलला, प्लगची कॅप बदलली, इग्निशन कॉइल बदलली, कार्बोरेटरचं किट टाकलं, एकाने तर सीडीआय (प्लगला ठिणगी पाडायला लावणारा इलेक्ट्रॉनिक डबा) पण बदलायला लावला, जुना सीडीआय चांगला होता तो आता माझ्या कपाटात पडलाय. आणि चूक त्यांची नव्हती हो, चूक माझ्या त्या वाक्याची होती. मी त्यांना लक्षण सांगायच्या ऐवजी निदान सांगत होतो.

गाडी म्हणजे जुनी दीडशे सीसीची कार्बोरेटरवाली, उंच सस्पेन्शनची, पुढं मागं बटण टायर टाकलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण यात कंपनीचा काडीचाही दोष नाही, ज्या गाडीला टाकी आहे आणि टाकीला झाकण आहे त्या कुठल्याही गाडीला हे होऊ शकतं. हां, उत्तर फुटलं की काय, असू दे.

आमचा रविवारचा रूट ठरलेला. सकाळी सहाला साताऱ्यातला पोवई नाका, चहा, मग बोगद्यातून बाहेर, सज्जनगड फाटा मागं टाकला की ठोसेघरचा चढ आणि वर चाळकेवाडीचं पठार. वर पवनचक्क्यांसाठी केलेले कच्चे रस्ते आहेत, सगळा जांभा, उन्हाळ्यात लाल फुफाटा आणि पावसात लाल चिखल, त्या चिखलात गाडी घसरवायला जी मजा आहे ती सांगून कळायची नाही. (कासच्या पठारावर मात्र गाडी घालू नका, 2012 ला पश्चिम घाट जागतिक वारशात गेला त्यात कास आहे, त्या दोन बोटं मातीत फुलं उगवतात आणि एका टायरच्या रेघेने ती जागा वर्षानुवर्षं भरून येत नाही. रस्त्याने जा, बघा, या. यावर वाद घालायचा असेल तर मी घालणार नाही.)

तर होतं काय, बोगद्यापर्यंत गाडी मख्खन. सज्जनगड फाट्यापर्यंत पण ठीक. चढ लागला, थर्ड गियरला पिळली की पाच-सात मिनिटात आधी दम सोडल्यासारखी व्हायची, मग मिस मारायची, पिकअप जायचा, आणि दोन आचके देऊन बंद. किक मारा, सेल्फ मारा, चोक ओढा, काही नाही. चोक ओढल्यावर एखादा सेकंद भकभक करायची, एवढंच. मग बाजूला लावायची, पाणी प्यायचं, मागून येणारी पोरं "परत का?" म्हणून हसत पुढं जायची, वीस मिनिटांनी किक मारली की पहिल्या किकला चालू, जसं काही झालंच नाही. पुढं पाच-सहा किलोमीटर गेलं की परत तेच. घरी येताना उतार, तर उतारावर एकदाही बंद नाही.

गॅरेजमध्ये नेली की स्टँडवर लावून अर्धा-अर्धा तास चालू ठेवायचे, पंखा पण नाही, इंजिनला हात लावला तर चटका बसेल एवढी तापायची, तरी बंद पडायची नाही. इथंच माझी ट्यूब पेटायला पाहिजे होती. उष्णतेने बंद पडत असती तर स्टँडवर आधी पडली असती, तिथं तर वारापण लागत नाही. पण नाही, आमच्या डोक्यात "तापली" घट्ट बसलेलं.

दुसरी खूण मी ध्यानातच घेतली नव्हती. टाकी फुल्ल केली की प्रॉब्लेम जास्त यायचा. मी काय निष्कर्ष काढला, तर पंपावरचं पेट्रोल खराब. मग पंप बदलला, तरी तेच. मग म्हणलं हे वीस टक्के इथेनॉलचं कारस्थान. आपल्याकडं इथेनॉलला शिव्या द्यायची पण पंचाईत, घरचा ऊस इथेनॉल बनवणाऱ्याच कारखान्याला जातो. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या गाडीच्या रबरी नळ्या नि ओरिंग खराब होऊ शकतात, गाडी महिना-दोन महिने उभी राहिली तर कार्बोरेटरमधलं बारीक भोक, म्हणजे स्लो जेट, तुंबतो, हे सगळं आहे. पण ते असं वीस मिनिटांच्या घड्याळावर नाही चालत.

शेवटी वैतागलो आणि गाडी विकायला काढली. विट्याचा एक पोरगा बघायला आला, सोबत त्याचे मामा, धोतर-टोपी, गाडीशी काही घेणंदेणं नाही, "पैसं मी देणार हाय म्हणून आलोय" म्हणाले. मी खरं सांगतो, बंद पडण्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, थोडं मिस मारते एवढंच बोललो होतो. सांगायला पाहिजे होतं. पोरगा म्हणला चढावर बघतो, आता काय बोलणार, यवतेश्वरच्या घाटात गेलो, मी आणि मामा मागून माझ्या मित्राच्या कारमध्ये. आणि आदल्याच दिवशी, गिऱ्हाईक येणार म्हणून, मी टाकी निम्म्याच्या वर भरून गाडी वॉशिंग सेंटरला चकाचक धुवून आणलेली. तिसऱ्या वळणावर बंद.

पोरगा किका मारून घामाघूम. मी मेल्याहून मेल्यासारखा. मामा कारमधून उतरले, चालत आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पावनं, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडतं का ओ?" मी म्हणलं नाही, दुसरं पाडायला लागतं, हवेला. "मग हिच्या टाकीला दुसरं भोक कुठाय?"

मी चावी लावून झाकण उघडलं. फुस्सSS. असा आवाज आला की पोरगा दचकून मागं सरला. झाकण परत लावलं, मिनिटभर थांबलो, किक, चालू.

पंधरा लिटरच्या तेलाच्या डब्याचं गणित मला शाळेपासून माहितीय आणि सहा महिने मी कॉइल बदलत होतो.

आता हे होतं कसं ते नीट सांगतो, कारण हे कळलं की वरची सगळी लक्षणं आपोआप जागेवर बसतात. कार्बोरेटरच्या बहुतेक गाड्यांना पेट्रोलचा पंप नसतो, टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. हे वजन म्हणजे वीत-दीड वीत उंचीचं पेट्रोल, त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के. टाकीतून पेट्रोल गेलं की तेवढी हवा आत यायला पाहिजे, ती झाकणातल्या बारीक भोकातून येते, त्याला ब्रीदर म्हणतात. ते बुजलं की आतली हवा ताणली जाते, ताण दोन टक्क्यावर गेला की पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि वर फक्त एक लिटर हवा असेल तर पूर्ण बुजलेल्या झाकणाला अवघं 20 मिली पेट्रोल गेलं तरी पुरतं. टाकी रिकामी असेल, वर आठ लिटर हवा असेल, तर 150-160 मिली जावं लागतं, म्हणजे पाच-सहा किलोमीटर सहज निघतात. म्हणून फुल्ल टाकीला लवकर बंद. पंपवाल्याला उगीच शिव्या.

माझं भोक अर्धवट बुजलेलं होतं, थोडी हवा येत होती. स्टँडवर, उतारावर इंजिन पेट्रोल पितंच किती, तेवढ्याला ती थोडी हवा पुरायची. चढावर पिळली की खप वाढला, हवा पुरेना, कार्बोरेटरच्या वाटीत होतं तेवढं संपलं की आचके. आणि वीस मिनिटं थांबलो की त्या बारीक भोकातून हवा हळूहळू भरायची, पेट्रोल परत उतरायचं, आणि मला वाटायचं गार झाली म्हणून चालू झाली. गार होणं आणि हवा भरणं दोन्ही एकाच वेळेला होत होतं एवढाच काय तो घोळ.

घरी तपासायची पद्धत अशी. इंजिन पूर्ण गार असताना, उघड्यावर, जवळ विडी-काडी काही नको. पेट्रोलची नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढा, एका स्वच्छ बाटलीत सोडा, झाकण घट्ट बंद ठेवून कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ, उघडा. आधी धार चांगली येईल, ब्रीदर बुजला असेल तर धार बारीक होत होत थेंब-थेंब होईल. तशी झाली की लगेच झाकण उघडा. धार परत जोरात आली तर रोग सापडला. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली तर कॉकची जाळी तुंबलीय किंवा टाकीत गंज आहे, तो वेगळा विषय. काही गाड्यांचा कॉक इंजिनच्या व्हॅक्यूमवर उघडतो, त्याला ही पद्धत अशीच्या अशी चालत नाही, इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोलच येणार नाही, घाबरू नका.

रस्त्यात तपासायचं तर अजून सोपं, पण एक अट, गाडी बंद पडल्या पडल्या त्याच मिनिटाला बघायचं. आधी चहा प्यायला बसलात तर पुरावा गेला. झाकण उघडा, फुस्स झालं आणि लगेच चालू झाली, विषय संपला. फुस्स नाही झालं तर कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू थोडा ढिला करा, पेट्रोल येतंय का बघा, वाटी कोरडी असेल तर पेट्रोलचाच प्रॉब्लेम आहे, पुढं कॉक, नळी मुडपलीय का, फ्लोटची सुई (वाटीत पेट्रोल सोडणारी-थांबवणारी) अडकलीय का ते बघा. पेट्रोल येत असेल तर स्क्रू बंद करा, सांडलेलं नीट पुसा, वास जाऊ द्या, मग प्लगकडं वळा. खिशात एक चांगला जादा प्लग ठेवायचा, तो कॅपमध्ये लावून इंजिनच्या धातूला टेकवून किक मारायची, निळी ठिणगी दिसली तर करंट ठीक. करंट नाही आणि दहा मिनिटांनी आपोआप आला, तर मग मात्र खरंच तापल्यामुळं आहे, कॉइल नाहीतर मॅग्नेटजवळची पल्सर कॉइल (ठिणगी कधी पाडायची ते कळवणारी). गरम झाल्यावर आतली तार सुटते, गार झाल्यावर परत जुळते. माझ्या गाडीला ही टेस्ट पहिल्याच रविवारी केली असती तर कॉइल आणि सीडीआयचे पैसे वाचले असते.

पेट्रोल आहे, करंट आहे, तरी गरम असताना चालू होत नाही आणि किक नेहमीपेक्षा हलकी लागतेय, तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग, त्यात ठरलेली बारीक गॅप लागते) बघून घ्या. बऱ्याच जणांना वाटतं टॅपेट वाजला म्हणजे खराब आणि आवाज नाही म्हणजे मस्त, उलट आहे, आवाज करणाऱ्यापेक्षा गुपचूप घट्ट झालेला टॅपेट जास्त नुकसान करतो. गॅप राहिली नाही की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, आणि तसंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो. गॅप मोजायची ती इंजिन गार असताना, फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा आहे तोच धरून, शेजारच्या गाडीचा आकडा नको.

आणखी एक, हँडल पूर्ण डावीकडं किंवा पूर्ण उजवीकडं वळवलं की बंद पडते? मग हेडलाइटच्या मागं वायरिंग घासलंय. खड्ड्यात आदळली की बंद पडते? साइड स्टँडचा स्विच बघा, चिखल बसतो त्यात. हे दोन्ही दोन मिनिटांचे आणि फुकटातले आहेत, आधी करून घ्या.

बरं आता या पोस्टचं मूळ कारण. मी त्या दिवशी घरी येऊन झाकण काढलं, भोकात जांभ्याचा लाल लगदा बसून दगड झाला होता, तो काढला, गाडी मस्त पळायला लागली, विकायचा विचार रद्द. तीन आठवडे झकास. चौथ्या रविवारी ठोसेघरच्या त्याच चढावर परत बंद! परत फुस्स! पोरांनी आता नाव ठेवलं, "फुसकी".

असं का, तर चाळकेवाडीहून आलं की मी गाडी धुवायला द्यायचो, तो पोरगा प्रेशरचं पाणी सगळीकडं मारायचा, झाकणावर तर एकदम जवळून, कारण झाकणाच्या खाचेतच चिखल जास्त अडकतो ना. म्हणजे जो चिखल वरवर होता तो प्रेशरने थेट ब्रीदरच्या पोटात. मी दर रविवारी पैसे देऊन स्वतःच भोक बुजवून घेत होतो. धुतली नाही त्या आठवड्यात कधीच बंद पडली नव्हती, हे नंतर आठवलं. आता धुवायला जायच्या आधी झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड. तेवढंच.

झाकण साफ करताना घाई करू नका. टाकीवरून पूर्ण काढून घ्या, नाहीतर कचरा टाकीतच पडतो, आणि उघड्या टाकीवर स्वच्छ फडकं टाका. झाकणात नुसतं भोक नसतं, बऱ्याच गाड्यांना आत बारीक गोळी-स्प्रिंग किंवा रबराची पट्टी असते, हवा आत येऊ द्यायची पण गाडी पडली तर पेट्रोल बाहेर सांडू द्यायचं नाही म्हणून. पेट्रोलमध्ये किंवा डब्ल्यूडी-40 मारून भिजवा, मऊ ब्रश, मग तोंडाने फुंकून बघा, बाहेरच्या बाजूने फुंकलं की हवा आत गेली पाहिजे. तार घालून टोकरू नका. आणि कुणी ड्रिलने भोक मोठं करून देतो म्हणला तर त्याला नमस्कार करा, डर्टमध्ये गाडी पडणारच, आणि पडल्यावर तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं तर पुढं काय होईल ते लिहायला नको. त्याच कारणासाठी झाकण उघडं ठेवून चालवणं हा पण उपाय नाही, फार तर दर पाच-दहा मिनिटांनी थांबून उघडझाप करत घरी या. झाकणाच्या खाचेत पावसाचं पाणी जायला वेगळं भोक आणि खाली जाणारी नळी असते, ते पण मोकळं करा, ते बुजलं तर खाचेत साठलेलं पाणी टाकीत उतरतं आणि मग वेगळीच कथा सुरू होते.

ज्यांच्याकडं खरी डर्ट बाइक आहे, म्हणजे नंबर प्लेट नसलेली, पिकअपमध्ये घालून न्यावी लागणारी, त्यांच्या झाकणातून एक नळी निघते आणि तिच्यात बारीक वन-वे व्हॉल्व्ह असतो. आमच्यातल्या एकाने नळी बदलताना तो व्हॉल्व्ह उलटा बसवला, म्हणजे हवा बाहेर जाईल पण आत येणार नाही, आणि दोन दिवस कार्बोरेटर उघडून बसला होता. नळीत फुंकर मारली असती तर दोन सेकंदात कळलं असतं.

इंजेक्शनच्या गाडीवाल्यांनी पण हसू नये. हीरोची एक्सपल्स 2019 ला आली तेव्हा कार्बोरेटर आणि एफआय (म्हणजे इंजेक्शनवाली) दोन्ही मिळायच्या, 2020 च्या बीएस सिक्स या धुराच्या नियमापासून सगळ्याच एफआय. तिथं पंप पेट्रोल ओढतो म्हणून गाडी बराच वेळ तग धरते, पण श्वास टाकीला तिथंही लागतो, आणि बीएस सिक्सला त्या श्वासाच्या वाटेत पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कॅनिस्टर नावाचा डबा पण असतो, क्रॅश गार्ड किंवा सीट बसवताना त्याची नळी दबली की झालं. आणि कुठलीही गाडी असो, टाकीवर झाकणाला चिकटून बसणारी चुंबकाची बॅग लावत असाल तर आधी ती काढून बघा.

शेवटी गाडी विकली, पण यंदा, आणि खराब म्हणून नाही तर घरी दुसरी आली म्हणून. त्याच विट्याच्या पोराला फोन केला, या वेळी सगळं सांगितलं, कुठला पार्ट कधी बदलला, गाडी तीनदा कुठं आपटली, चेसिसला कुठं वेल्डिंग आहे ते पण. किंमत थोडी कमी आली, येऊ दे. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, इन्शुरन्स, पीयूसी हातात दिलं. विकणाऱ्याने चौदा दिवसात आरटीओला कळवायचं असतं ते विसरू नका, नाहीतर गाडी त्याची आणि चलन तुमच्या मोबाइलवर. बिननंबरच्या गाडीला आरसीच नसते, तिथं मूळ बिल आणि परदेशातून आलेली असेल तर कस्टमचे कागद हीच काय ती मालकी, ते नसतील तर स्वस्त मिळतेय म्हणून विसार देऊन बसू नका.

मामा पण आले होते. टायर बघितला नाही, इंजिनला कान लावला नाही. आधी चावी मागून घेतली, झाकण काढलं, उलटं धरून फुंकर मारली, आणि मग म्हणाले, "हां, आता बोला."